खांब आधी, जिना शेवटी

मुळशी तालुक्यातल्या माण, हिंजवडीच्या शाळांत जाणाऱ्या मुलांनी गेली काही वर्षं एक मोठं बांधकाम जाता-येता पाहिलं आहे. आधी रस्त्याच्या मधोमध पत्र्यांचं कुंपण आलं. मग यंत्रांनी जमिनीत भोकं पाडली, खांब उभे राहिले, खांबांवर तुळया चढल्या. जुलै २०२५ मध्ये माणच्या डेपोतून निघालेली गाडी चाचणीसाठी या मार्गावर धावलीसुद्धा. तेव्हा मुलांनी विचारलेला एक प्रश्न अगदी रास्त होता : खांब एवढे भराभर झाले, रूळही पडले, मग स्टेशनांनाच इतका वेळ का लागतो?

मोठी माणसं यावर “सरकारी काम, आणि सहा महिने थांब” असं म्हणून मोकळी होतात. पण हे काम एक खाजगी कंपनी करते आहे, तेव्हा ते उत्तर इथं पुरत नाही. खरं उत्तर शोधायला गेलं तर आठवी ते बारावीच्या पुस्तकांतलं बरंच विज्ञान वाटेत भेटतं.

आधी थोडी ओळख. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही पुणे मेट्रोची तिसरी मार्गिका. लांबी सुमारे २३.३ किलोमीटर, स्टेशनं २३, आणि सगळा मार्ग जमिनीच्या वर. पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोनं बांधल्या. ही तिसरी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. टाटा आणि सीमेन्स यांच्या समूहानं ती बांधायची, बांधकामाचा काळ धरून ३५ वर्षं चालवायची आणि मग परत करायची, असा करार आहे. भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झालं, प्रत्यक्ष काम नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. चाळीस महिन्यांत, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत, ते संपायचं होतं. ती मुदत टळली.

अशा गाड्यांना कधी ‘हलकी रेल्वे’ म्हणतात. हा हलकेपणा रुळांच्या किंवा डब्यांच्या वजनाचा नव्हे, तर एका तासात किती माणसं वाहून न्यायची त्याचा आहे. लोकलला नऊ, बारा, पंधरा डबे असतात, इथं तीन. एका डब्याची लांबी साधारण २२ मीटर धरली तर गाडी ६६ मीटरची. स्टेशनाचा फलाट एवढाच लागतो, म्हणून ते भर रस्त्यावर, दोन चौकांच्या मध्ये बसू शकतं.

आता वर्गात करता येईल असं एक गणित. २३ स्टेशनांच्या मध्ये २२ टप्पे. २३.३ भागिले २२, म्हणजे टप्पा सरासरी एक किलोमीटरहून किंचित जास्त, १०६० मीटर धरू. गाडीचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. प्रवाशांचा तोल जाऊ नये म्हणून वेग सेकंदाला साधारण १ मीटर प्रति सेकंद एवढाच वाढवतात आणि तितकाच कमी करतात. तर पूर्ण वेग गाठायला २२ सेकंद आणि २४० मीटरच्या आसपास अंतर लागेल, थांबायलाही तेवढंच. उरले सुमारे ५८० मीटर, त्याला २६ सेकंद. एकूण ७० सेकंद, आणि स्टेशनात थांबायचे ३० धरले तर १००. सरासरी वेग निघतो ताशी ३८ किलोमीटर. गाडीचा वेग ८०, पण प्रवाशाला मिळतात निम्म्याहून कमी! सगळे २२ टप्पे मिळून ३७ मिनिटं. विद्यार्थ्यांना एवढंच विचारावं : कमाल वेग ८० वरून १०० केला तर किती वेळ वाचेल, आणि थांबण्याचे ३० सेकंद २० वर आणले तर किती? दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा मोठं येतं. थांबण्याचे सेकंद ठरतात ते दारांची रुंदी, फलाटावरची गर्दी आणि जिने कुठं आहेत यावरून. म्हणजे गाडीचा वेग बऱ्याच अंशी स्टेशन ठरवतं.

खांब भराभर का झाले, याचं कारण ते एकसारखे असतात. दोन खांबांमधलं अंतर साधारण २५ ते ३० मीटर. त्यावर टाकायची तुळई अखंड ओतत नाहीत. सुमारे तीन मीटर लांबीचे काँक्रीटचे पोकळ तुकडे दूरच्या आवारात साच्यांत घालून करतात, रात्री ट्रेलरवरून आणतात आणि खांबांवर बसलेल्या एका लांब लोखंडी सांगाड्याला ओळीनं टांगतात. तुकड्यांच्या तोंडांना चिकटद्रव लावून ते जोडतात आणि त्यांच्यातून ओवलेल्या पोलादी तारा प्रचंड जोरानं ताणून दोन्ही टोकांना पक्क्या करतात. सांगाडा मग पुढच्या गाळ्याकडे सरकतो. खाली वाहतूक चालूच असते.

तारा ताणण्यानं काय होतं? काँक्रीट दाब छान सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच. तुळई वाकली की तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि तिथं तडे जातात. म्हणून आधीच तिला इतकं दाबून ठेवायचं की वजन आल्यावर खालचा दाब फक्त कमी व्हावा, ताण येऊच नये. फ्रान्सच्या युजेन फ्रेसिने यांनी १९२८ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. वर्गात हे दाखवायला आठ-दहा पुस्तकं पुरतात. ती उभी ओळीनं लावा, दोन्ही टोकांना तळव्यांनी जोरात दाबा आणि सगळी ओळ उचला. मधली पुस्तकं कशालाही न टेकता उचलली जातात. हात जरा सैल केला की पडतात. तळव्यांच्या जागी पोलादी तारा आहेत असं समजा. ओळीच्या मध्याऐवजी थोडं खाली दाबलं तर आणखी वजन पेलतं, हेही करून बघावं; तारा तुळईत खालच्या अंगाला का नेतात ते मुलांना आपोआप कळतं.

स्टेशनाला ही सोय नाही. प्रत्येक स्टेशन थोडं वेगळं असतं, आणि त्यात एकाच वेळी गवंडी, वीजवाले, लिफ्टवाले, नळवाले, सिग्नलवाले असे सगळे शिरतात. रचना साधारण तीन पातळ्यांची. खाली रस्ता, त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडून तिकिटं-तपासणीचा मधला मजला, त्याच्यावर फलाट. फलाट रस्त्यापासून १२-१३ मीटर तरी उंच जातो. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ८० पायऱ्या! सरकते जिने आणि लिफ्ट या चैनीच्या गोष्टी नाहीत, गुडघेदुखीच्या आजीसाठी त्याच स्टेशन आहेत.

जिना किती रुंद हवा, याचंही गणित आहे. आग लागली तर फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि सहा मिनिटांत माणसं सुरक्षित जागी पोचली पाहिजेत, असा अमेरिकेतला अग्निसुरक्षेचा एक नियम मेट्रोच्या आराखड्यांत जगभर वापरतात. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला साधारण ५५ माणसं जातात. चार मिनिटांत २२०. भरलेल्या गाडीत हजार माणसं धरली, तर सगळे जिने मिळून साडेचार मीटरहून जास्त रुंदी हवी. (हा आकडा आपल्या शाळेत तपासण्यासारखा आहे. जिन्याची रुंदी मोजा, सुटीची घंटा झाल्यावर एका मिनिटात किती मुलं उतरतात ते मोजा, आणि सगळ्या वरच्या वर्गांना किती वेळ लागेल ते काढा. उत्तर मुख्याध्यापकांना जरूर दाखवावं.)

हे सगळे जिने शेवटी उतरणार कुठं? रस्त्याच्या कडेला, पदपथावर. तिथं कुणाची तरी जागा असते, कुंपण असतं, झाड असतं, जमिनीखाली पाण्याचे नळ, मैलावाहिन्या, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा असतात. खांब रस्त्याच्या मधोमध येतो, ती जागा सार्वजनिकच असते. जिन्याला मात्र जागा मिळवावी लागते. मुलांच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर इथं आहे. मुळशी तालुक्याला जमिनीचा प्रश्न नवा नाही. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली. जिन्यासाठी लागणारी पाच-दहा मीटरची पट्टी त्या मानानं क्षुल्लक वाटेल. ज्याच्या दारात ती येते त्याला ती क्षुल्लक नसते.

आता विजेकडे वळू. पुण्याच्या पहिल्या दोन मार्गिकांवर डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज येते. या तिसरीत ७५० व्होल्टची एकदिश वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून घेतात. बंगळूर, कोची, कोलकात्यातही तिसरा रूळ आहे. फरक समजायला आपली गाडी भरलेली १८० टन आहे असं धरा. सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद वेग वाढवायला १,८०,००० न्यूटन बल लागेल. वेग सेकंदाला ११ मीटर असताना शक्ती सुमारे २० लाख वॅट, म्हणजे घरातले हजार गीझर एकदम लावल्यासारखं. ही शक्ती २५,००० व्होल्टला ८० अँपिअरमध्ये मिळते. ७५० व्होल्टला सुमारे २,६७० अँपिअर लागतात. वाहकातली वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तारेऐवजी जाड रूळ लागतो आणि वीज उपकेंद्रंही जवळजवळ ठेवावी लागतात. मग हा उपद्व्याप कशाला? डोक्यावर तारा आणि त्यांचे खांब नकोत, छत खाली आणता येतं, रस्त्यावरून मार्ग सुटसुटीत दिसतो. किंमत अशी, की वीज पायाच्या पातळीवर येते. गाडी मध्येच थांबली तर वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कुणाला रुळांवर उतरवता येत नाही.

हीच गाडी पूर्ण वेगात असताना तिच्यात सुमारे १२ युनिट ऊर्जा साठलेली असते (अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग, करून पाहावं). दर स्टेशनाला ती ब्रेकच्या उष्णतेत घालवायची म्हणजे २२ वेळा उधळपट्टी. म्हणून थांबताना मोटारच जनित्र बनते आणि वीज परत तिसऱ्या रुळात सोडते. मात्र ती घ्यायला जवळपास दुसरी गाडी निघत असली पाहिजे. लंडनमध्ये १९०० साली सुरू झालेल्या सेंट्रल मार्गावर विजेशिवायच ही युक्ती केली होती : स्टेशनं छोट्या उंचवट्यावर ठेवली, गाडी चढताना आपोआप मंदावते आणि निघताना उतार मिळतो.

पावसाचं मात्र लंडनहून वेगळं. जून २०२५ मध्ये हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी तुंबलं तेव्हा नाले कुणी अडवले यावर भरपूर बोललं गेलं. आपण नुसता हिशेब करू. उन्नत मार्ग १० मीटर रुंद धरला तर एका किलोमीटरचं क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. १,४०० चौरस मीटरच्या एका स्टेशनाच्या छतावरचं आणखी सत्तर हजार लिटर. पूर्वी हे पाणी रस्त्यावर पसरून पडायचं; आता ते खांबांतल्या नळांतून ठराविक ठिकाणी एकदम उतरतं. तिथं गटार बुजलेलं असेल तर चौकात तळं होणारच. स्टेशनाच्या आराखड्यात हा नळाचा शेवटचा मीटर फार महत्त्वाचा, आणि तो बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी खात्याच्या गटारात जातो.

वर्तमानपत्रांत ‘नव्वद टक्के काम पूर्ण’ असं येतं, ते कसं वाचायचं? टक्केवारी बहुधा कामांना भार देऊन काढतात, आणि खांब, तुळया, रूळ यांचा भार मोठा असतो. उरलेल्या दहा टक्क्यांत लिफ्ट, जिने, सिग्नल, अग्निशमन अशा असंख्य बारीक गोष्टी असतात, आणि त्यातली एक अडली तरी स्टेशन उघडत नाही. घर बांधलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे : स्लॅब पडल्यावर वाटतं झालंच, आणि राहायला जायला वर्ष लागतं.

त्यात काही जागा मुळातच अवघड. विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, कारण मेट्रोचे खांब त्यांच्यात बसत नव्हते. तिथं आता एकाच खांबांवर खाली वाहनांचा पूल आणि वर मेट्रो अशी दुमजली रचना आहे. दुसऱ्या टोकाला जिल्हा न्यायालयाजवळ तिन्ही मार्गिका भेटतात, आणि तिथलं पहिल्या मार्गिकेचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. हिंजवडीहून येऊन स्वारगेटला जाणारा प्रवासी उंच फलाटावरून उतरेल आणि दहा मजल्यांची इमारत बुडेल इतक्या खोलीपर्यंत जाईल. ते चालणं तीन मिनिटांचं होतं की दहा, यावर वर काढलेली ३७ मिनिटं कितपत उपयोगाची ते ठरेल.

सगळं जोडून झालं तरी गाडी लगेच प्रवासी घेत नाही. लखनौची रेल्वे संशोधन संस्था गाडी वेगवेगळ्या वेगांनी, वजनं भरून चालवून तिचे हेलकावे आणि ब्रेक मोजते. मग मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त स्टेशनागणिक पाहणी करतात : धुराचे इशारे वाजतात का, लिफ्ट वीज गेल्यावर कुठं थांबते, फलाट आणि डबा यांतली फट किती. त्यांच्या सहीनंतरच दारं उघडतात. आपल्या जवळच्या स्टेशनावर मुलांना नेण्याची संधी मिळाली, तर त्यांना मीटरपट्टी घेऊन पदपथावरच्या जिन्याच्या पायथ्याशी न्यावं आणि जिन्यासाठी किती जागा गेली, चालणाऱ्यांसाठी किती उरली, तेवढं मोजायला सांगावं.