बातमी विषय देते, मत नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार (दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दगडफेक) होते. दगडफेकीची ती दृश्ये दूरदूरपर्यंत पोचतात. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागा किंवा २०२३ साली झालेला नवा पांढुर्णा जिल्हा यांच्या वाट्याला तेवढी जागा येत नाही. यावरून ‘माध्यमे लोकांच्या डोक्यात मते भरतात’ असे सर्रास म्हटले जाते. ‘अजेंडा सेटिंग’ (माध्यमांच्या भरामुळे लोकांच्या लेखी विषयांचे महत्त्व ठरणे) हा सिद्धान्त मात्र तसे म्हणत नाही.

हा सिद्धान्त मांडणारे संशोधक मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी अमेरिकेच्या १९६८च्या निवडणुकीत चॅपेल हिल इथल्या १०० अनिश्चित मतदारांचा अभ्यास केला. तो १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमांनी ज्या प्रश्नांवर भर दिला, तेच मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. कोणती बाजू घ्यायची, हा भाग वेगळा.

आठवडी बाजारात फळवाला जी संत्री दर्शनी रचतो, नजर आधी त्यांच्यावर जाते. घ्यायची की नाही, हे गिऱ्हाईक ठरवते. गोटमारीची बातमी पाहून एक जण बंदी मागतो, दुसरा परंपरेचा मान सांगतो. बोलतात मात्र दोघेही गोटमारीवरच.

एक बाब सहसा सुटते. स्वतःचा अनुभव असलेल्या विषयात हा प्रभाव कमी पडतो. संत्र्याचा भाव पडला, हे सौंसरच्या बागाइतदाराला पेपरने सांगावे लागत नाही. भोपाळ-मुंबईच्या वाचकाला मात्र हा मुलूख बातमीतूनच कळतो. म्हणूनच त्याच्यापर्यंत नुसते दगड पोचावेत, हे मला अन्यायाचे वाटते.