उखळ, बिजागरी आणि आजीचे गुडघे

सांधे शिकायला संतपूरचं आमचं जुनं घर पुरेसं आहे. दाराची बिजागरी एकाच दिशेनं उघडते, मिटते, कोपराचंही तसंच. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते. मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या सुळक्याभोवती असाच फिरतो, म्हणून आपल्याला ‘नाही’ म्हणता येतं! उखळात मुसळ कसंही कलतं; खांदा आणि खुबा त्या जातीचे. खुब्याची वाटी खोल, म्हणून तो भार पेलतो. खांद्याची उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि निखळतोही.

ही उपमा माझी नाही बरं का. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार आहेत, त्यातल्या एकाचं नावच ‘उलूखल’, म्हणजे उखळ. कवटीच्या न हलणाऱ्या सांध्यांना तिथं शिवणीचं नाव आहे.

गुडघ्याला बिजागरी म्हणतात, पण वाकल्यावर तो थोडा पिळतोही. आजीनं जन्मभर उकिडवं बसून ज्वारी काढली. आता तिच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजलीय. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचवला, तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, “चुलीपुढं बसता येईल का?” दुखणं कमी होईल, चालता येईल, पण खाली बसणं बहुधा टाळावं लागेल, असं उत्तर आलं. तिनं अजून होकार दिलेला नाही.

तोवर मांडीच्या स्नायूंसाठी व्यायाम चालू आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि दहापर्यंत मोजायचं. आजी कानडीत मोजते, शेजारी बसलेल्या नातवाचे आकडे पाठ व्हावेत म्हणून.