नवजाताची सोनोग्राफी आणि नोंदणीची पूर्वतयारी

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात सोनोग्राफी यंत्राची गरज आता वेगळी पटवून द्यावी लागत नाही. ३२ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि असे बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांत होतात. पापील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या रक्तस्रावाच्या चार श्रेणी सांगितल्या, त्या सीटी स्कॅनच्या आधारे. आज त्याच श्रेणी बाळाच्या टाळूवर प्रोब ठेवून, त्याला पेटीतून न हलविता, किरणोत्साराचा लवलेशही न लागता ठरविता येतात. हृदयातील धमनीनलिका बंद झाली की नाही, छातीत पाणी साचले आहे काय, मूत्रपिंडाला सूज आहे काय, हेही बाळाच्या उशाशी उभे राहून पाहता येते. साहजिकच आमच्या अनेक तरुण बालरोगतज्ज्ञ मित्रांना आपल्या रुग्णालयात स्वतःचे यंत्र असावे असे वाटू लागले आहे. ही इच्छा योग्यच आहे. मात्र यंत्राची चौकशी सुरू होते तेव्हा नोंदणीचा विचार बहुधा कोणाच्याही मनात नसतो, आणि नेमकी तिथेच गफलत होण्याचा संभव असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या पूर्वतयारीविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचा रुग्ण तर जन्मलेला आहे

बालरोगतज्ज्ञांच्या वर्तुळात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा गर्भवती स्त्रीच्या तपासणीसाठी आहे. आमचा रुग्ण तर जन्मास आलेला असून त्याचे लिंग साऱ्या घराला ठाऊक आहे. मग आम्हांस नोंदणीचे बंधन कशासाठी?

युक्तिवाद तर्काला धरून वाटतो, पण कायद्याच्या शब्दांपुढे तो टिकत नाही. कायद्याच्या कलम १८ नुसार, गर्भाचे लिंग ओळखण्याची क्षमता असलेले यंत्र ज्या दवाखान्यात वा केंद्रात आहे, त्या प्रत्येकास नोंदणी अनिवार्य आहे. कायदा रुग्ण कोण हे पाहत नाही, यंत्र काय करू शकते हे पाहतो. नवजाताच्या कक्षातील यंत्र प्रोब बदलताच प्रसूतिकक्षात उपयोगी पडू शकते. म्हणूनच कलम ३-ब अन्वये नोंदणी नसलेल्या व्यक्तीस असे यंत्र विकणेही निषिद्ध आहे. यंत्र आधी आणि कागदपत्रे मागाहून हा क्रम त्यामुळे मुळातच चुकीचा ठरतो.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. हा कायदा बालरोगतज्ज्ञांना परका नाही. त्याच्या व्याख्यांच्या कलमात 'बालरोगतज्ज्ञ' हा शब्द स्वतंत्रपणे दिलेला आहे. केंद्रीय पर्यवेक्षण मंडळावर बालरोगतज्ज्ञांना स्थान आहे, आणि समुचित प्राधिकाऱ्यास साहाय्य करणाऱ्या सल्लागार समितीतील तीन वैद्यकीय तज्ज्ञ ज्या शाखांतून निवडावयाचे, त्यांतही बालरोगशास्त्राचा उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांनी आपल्याला आरंभापासून आत घेतले आहे. बाहेर उभे राहून तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला तितकासा उरत नाही.

थोडा पूर्वेतिहास

मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या विषयावरील देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी मात्र ढिली होती. तेव्हा 'सेहत' व 'मासूम' या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाच्या २००१ मधील आदेशांनंतर यंत्रांची मोजदाद व नोंदणी यांना वेग आला. पुढे १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारित कायदा लागू झाला व गर्भधारणापूर्व लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

एवढी कठोरता कशासाठी, याचे उत्तर जनगणनेत आहे. निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्माला येतात. शून्य ते सहा वर्षे वयोगटातील हे प्रमाण देशात १९९१ मध्ये ९४५ होते, २००१ मध्ये ९२७ झाले आणि २०११ मध्ये ९२० च्याही खाली गेले. आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यात २०११ मध्ये ते ८४० होते. शेजारच्या भिंडमध्ये ८४३ आणि मुरैन्यात ८२९. आपण ज्या परिसरात दवाखाने थाटून बसलो आहोत, तेथील हे आकडे आहेत. लसीकरणाच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या मुली आपण मोजतो, पण ज्या रांगेपर्यंत पोहोचल्याच नाहीत त्यांची नोंद आपल्या कोणत्याही वहीत नसते.

पात्रतेचा प्रश्न

पूर्वतयारीचा आरंभ व्यक्तीपासून करावा. यंत्र कोण हाताळणार? नियमांनुसार ती व्यक्ती सोनोग्राफी वा प्रतिमाशास्त्राची तज्ज्ञ असावी, अथवा पदव्युत्तर पदवी, पदविका किंवा विहित सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक असावी. या प्रशिक्षणाचे नियम जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत अभ्यासक्रम, कामाची नोंदवही आणि अखेरचे मूल्यमापन यांची तरतूद आहे. पूर्वीपासून सोनोग्राफी करीत असलेल्या डॉक्टरांसाठी क्षमताचाचणीचा मार्ग ठेवण्यात आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या नियमांतील प्रशिक्षणाची अट रद्द ठरविली होती, तथापि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्या निर्णयास स्थगिती दिली.

'बालरोगशास्त्रातील एम.डी. पुरेशी आहे' असे गृहीत धरून यंत्राची आगाऊ रक्कम भरू नये. जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे आपली पदवी, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि अपेक्षित वापर यांचे स्पष्ट वर्णन असलेला अर्ज द्यावा व लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. पर्याय म्हणून पात्र क्ष-किरणतज्ज्ञांचे नाव नोंदणीत घालता येते. मात्र २०१२ च्या सुधारणेनुसार एका डॉक्टरास एका जिल्ह्यात अशा दोनच केंद्रांत काम करता येते व त्यांच्या वेळा नमूद कराव्या लागतात, हे त्यांना आधीच विचारून घ्यावे.

येथे वैद्यकीय बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. सहा महिन्यांचा तो अभ्यासक्रम उदर व ओटीपोटाच्या सोनोग्राफीचा आहे. त्याने कायद्याची अट पूर्ण होईल, पण नवजाताचा मेंदू पाहण्याचे कौशल्य त्यातून येणार नाही. ते एखाद्या मोठ्या नवजात विभागात अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली, बाळांमागून बाळे पाहूनच मिळवावे लागते. ही दोन्ही शिक्षणे स्वतंत्र आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत.

जागा, यंत्र आणि कागद

दुसरी तयारी कागदपत्रांची. अर्ज फॉर्म 'ए' मध्ये दोन प्रतींत द्यावयाचा असतो. सोबत, येथे गर्भलिंगनिदान केले जाणार नाही व लिंग उघड केले जाणार नाही, आणि तसा फलक ठळकपणे लावला जाईल, अशी हमी देणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. २०१२ पासून शुल्क एका सेवेच्या केंद्रास २५ हजार रुपये आणि एकत्रित सेवा देणाऱ्या रुग्णालयास ३५ हजार रुपये असे आहे. अर्ज दिल्यावर पोच घेण्यास विसरू नये.

पाहणी होऊन सल्लागार समितीच्या सल्ल्यानंतर फॉर्म 'बी' मध्ये प्रमाणपत्र मिळते. ते पाच वर्षे वैध असते आणि दर्शनी भागी लावावे लागते. ते हस्तांतरणीय नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी ३० दिवस करावयाचा असतो. ही तारीख कारकुनाच्या स्मरणावर सोडू नये, स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवावी.

प्रमाणपत्र विशिष्ट जागेचे आणि विशिष्ट यंत्राचे असते. यंत्र बदलावयाचे झाल्यास, जागा हलवावयाची झाल्यास किंवा नोंदणीत नाव असलेले डॉक्टर सोडून जाणार असल्यास ३० दिवस आधी कळवून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नवजात विभागासाठी घेतलेले यंत्र बहुधा चाकांवरचे किंवा हातात नेता येण्याजोगे असते. असे यंत्र नोंदणीकृत आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरण्याची मुभा आहे. शेजारच्या प्रसूतिगृहातून 'पाच मिनिटांसाठी यंत्र पाठवा' असा निरोप आला, तर तो कितीही स्नेहाच्या माणसाकडून आला तरी नम्रपणे नाकारावा.

फलक इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे हिंदीत, लावावा. कायदा व नियम यांची एकेक प्रत आवारात ठेवणे बंधनकारक आहे. ती केवळ ठेवू नये, परिचारिका व स्वागतकक्षातील कर्मचारी यांच्यासह एकदा वाचून काढावी.

नोंदणीनंतर

खरी कसोटी प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सुरू होते. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीसाठी फॉर्म 'एफ' भरावा लागतो. त्यात तपासणीचे वैद्यकीय कारण, स्त्रीचे स्वतःचे निवेदन आणि डॉक्टरचे निवेदन असते. महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवावयाचा असतो आणि नोंदी दोन वर्षे जपावयाच्या असतात. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर ते संपेपर्यंत. केवळ नवजातांची तपासणी करणाऱ्यांना फॉर्म 'एफ' चा प्रसंग येणार नाही. तरीही प्रत्येक बाळाच्या तपासणीची स्वतंत्र क्रमवार नोंदवही ठेवावी आणि गर्भवतींची संख्या शून्य असली तरी शून्याचा अहवाल पाठवून पोच जपून ठेवावी. यंत्र कोणासाठी वापरले, या प्रश्नाचे उत्तर ती नोंदवहीच देईल.

नोंदींतील त्रुटी ही किरकोळ चूक मानली जात नाही. कलम ४ नुसार अशी त्रुटी कायद्याचा भंग समजली जाते व तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर असते. शिक्षा पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. दोषी ठरल्यास वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून पाच वर्षे नाव कमी होते, आणि पुन्हा अपराध घडल्यास कायमचे.

प्रामाणिक डॉक्टरांना हे जाचक वाटते, हे मी नाकारीत नाही. एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून तुरुंगाची भीती बाळगावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला होता. ३ मे २०१९ च्या निकालात न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. बंद खोलीत झालेल्या गुन्ह्याला साक्षीदार नसतो. ज्या स्त्रीची तपासणी झाली ती बोलत नाही, घरचे बोलत नाहीत, डॉक्टर तर बोलणारच नाही. मागे उरतो तो फक्त कागद. तो कागदही अपुरा ठेवण्याची मोकळीक दिली, तर कायद्याच्या हाती काय राहील? हा विचार मला पटतो. अधिकाऱ्यांनी चूक आणि अपराध यांत विवेक करावा ही अपेक्षाही रास्त आहे. पण ती मागण्याचा नैतिक अधिकार ज्याच्या नोंदी पूर्ण आहेत त्याचाच.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, म्हणून तिकडचाही उल्लेख करतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात सोनोग्राफर हा डॉक्टरहून वेगळा व्यवसाय आहे आणि १ जानेवारी २०१९ पासून त्यांना व्यावसायिक नियामक संस्थेकडे नोंदणी अनिवार्य झाली आहे. तेथील नोंदणी व्यक्तीची आहे, तिचे शिक्षण व आचरण पारखणारी. आपल्याकडे व्यक्ती, जागा आणि यंत्र या तिन्हींची नोंदणी एकत्र बांधलेली आहे, कारण आपला प्रश्न केवळ कौशल्याचा नव्हता.

वैद्यकीय व्यवसायात नसलेल्या वाचकांनाही एक विनंती आहे. घरातील सुनेची वा लेकीची सोनोग्राफी असताना ओळखपत्र मागितले, निवेदनावर सही घेतली, दोन प्रश्न अधिक विचारले, तर त्रागा करू नये. जो डॉक्टर हे सारे शांतपणे करतो तो आपला वेळ घालवीत नाही. आणि नवजात बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी सुचविली, तर हा कायदा तिच्या आड येत नाही, हेही जाणून असावे.

आमच्या तरुण मित्रांनी यंत्र अवश्य घ्यावे. ग्वाल्हेरसारख्या शहरात अकाली जन्मलेल्या बाळाला केवळ मेंदूच्या तपासणीसाठी दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागू नये. परंतु विक्रेत्याला बोलाविण्यापूर्वी समुचित प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात एक फेरी मारावी, फॉर्म 'ए' आणावा आणि त्यातील प्रत्येक रकाना भरता येतो काय, हे घरी बसून पाहावे. जो रकाना भरता येत नसेल, तेथून तयारीला आरंभ करावा.