पस्तीस मिनिटांची तासिका

शाळेची एक तासिका साधारण ३५ मिनिटांची असते. वाहतूक शाखेचे पोलीस रस्ता सुरक्षा शिकवायला वर्गात येतात, तेव्हा त्यांना बहुधा एवढाच वेळ मिळतो. तेवढ्या वेळात देशातल्या रस्त्यांवर काय घडतं, याचा हिशेब मांडून पाहू.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. जिल्ह्याच्या ठिकाणाचं एखादं शहर अख्खं रिकामं व्हावं, इतकी ही माणसं. हा आकडा वाचून आपण पान उलटतो, कारण तो मनात मावत नाही. वर्षाच्या मिनिटांनी त्याला भागलं की तो आवाक्यात येतो. एका तासिकेत सरासरी ३१ अपघात आणि ११ मृत्यू. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५,२२४ जण गेले, म्हणजे सरासरी दर साडेचौतीस मिनिटांना एक. हवालदार हजेरीनंतर बोलायला उभे राहतात आणि घंटा होते, तेवढ्यात राज्यातलं एक माणूस रस्त्यावर गेलेलं असतं. आणि ही तासिका रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतही थांबत नाही.

मग ३५ मिनिटांत शिकवण्याजोगं आहे तरी काय? पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट हेल्मेट. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले. त्यांतले ३५,६९२ गाडी चालवत होते आणि १४,३३७ मागे बसले होते. दुसरा आकडा वर्गात मुद्दाम सांगायला हवा, कारण समोर बसलेली मुलं रोज मागेच बसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं करतं, पण बाबांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागच्या मुलीच्या डोक्यावर ओढणी, हे दृश्य कुठल्याही शाळेच्या फाटकाशी दिसतं. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. ५०,०२९ चे ४२ टक्के काढा. सुमारे २१,००० येतात. इतकी माणसं एका वर्षात, एका वस्तूमुळे, घरी परतू शकली असती.

दुसरी गोष्ट वेग. २०२२ मधल्या दर १०० मृत्यूंपैकी ७१ मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यावर आहे. हा धडा फळ्यापेक्षा मैदानावर चांगला समजतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात १६.७ मीटर जाते. म्हणजे मुलांनी ‘एक’ म्हणेपर्यंत तिने मैदान ओलांडलेलं असतं. चालकाने तीन सेकंद मोबाइलकडे पाहिलं, तर ५० मीटर रस्ता त्याने न पाहताच कापला.

आता शाळेच्या मोठ्या मैदानावर चुन्याने २० मीटरवर एक रेघ ओढा. तिथे चेंडूमागे धावणारं एक मूल अचानक रस्त्यावर आलं आहे, असं समजा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ४० ने येणारी मोटार त्या सेकंदात ११ मीटर जाते, उरलेल्या ९ मीटरांत ब्रेक लागतात आणि ती रेघेपाशी थांबते. ताशी ६० ने येणारी मोटार पहिल्या सेकंदातच जवळजवळ १७ मीटर खाऊन टाकते. ब्रेकला उरतात जेमतेम ३ मीटर. ती रेघेवर पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ५५ च्या आसपास असतो. वेगातला फरक फक्त २० चा, पण एका मोटारीसमोरचं मूल वाचतं आणि दुसरी जवळपास पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळते. ताशी ६० ने आदळणं म्हणजे १४ मीटरांवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली पडणं. आणि या जादा वेगातून मिळतं काय? ५ किलोमीटरच्या वाटेवर अडीच मिनिटं. तीही रस्ता मोकळा असेल तर.

हे गणित आठवीच्या मुलांना स्वतः करता येतं आणि घरी वडिलांना करून दाखवता येतं. शाळेत शिकवण्याचा खरा उपयोग इथे आहे. चलनाची पावती चालकापर्यंत एकदा पोहोचते, घरातलं मूल त्याच्या शेजारी रोज बसतं. राज्यातल्या अनेक शाळांत रस्ता सुरक्षा दलाची, म्हणजे आपल्या ओळखीच्या आर.एस.पी.ची मुलं आहेत. शाळा सुटताना शिट्टी वाजवून गाड्या थांबवणारं हे मूल घरी सीटबेल्ट लावायला सांगतं, तेव्हा मोठ्यांना त्याला टाळता येत नाही.

आकडे खाली येऊ शकतात, हे मुंबईने दाखवलं आहे. २०१५ मध्ये मुंबईत रस्ते अपघातांत ६११ जण गेले होते. २०२२ मध्ये ही संख्या ३७१ झाली. हे केवळ शाळाभेटींचं श्रेय नाही. नाकाबंदी, मद्यपी चालकांची श्वासचाचणी, ई-चलन, चौकांची नव्याने आखणी आणि लोकांशी सतत बोलणं, असं सगळं एकत्र चाललं. पण सात वर्षांत वार्षिक मृत्यू २४० ने कमी होतात, याचा अर्थ उरलेलेही अटळ नाहीत.

आता शेवटचा हिशेब, आणि तो सर्वांत धीर देणारा आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आणि दोन कोटींहून अधिक विद्यार्थी आहेत. या सगळ्यांपर्यंत पोहोचण्याचं काम ऐकूनच अशक्य वाटतं. पण तालुके ३५८ आहेत, म्हणजे तालुक्याला सरासरी तीनशेच्या आसपास शाळा. दोन पोलिसांच्या एका पथकाने दिवसाला दोन शाळा केल्या, तरी तालुका साधारण दीडशे दिवसांत पूर्ण होतो. शालेय वर्षाचे किमान २०० दिवस धरले, तर पन्नासेक दिवस उरतात. ते महाविद्यालयांना, रिक्षा थांब्यांना, एस.टी. स्थानकांना आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या वाटेवरच्या ट्रॅक्टरचालकांना देता येतील. उसाच्या ट्रॉलीमागे परावर्तक पट्टी नसेल, तर अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

तालुक्याला दोन म्हणजे राज्यात ७१६ माणसं. महाराष्ट्राचं पोलीस दल सुमारे दोन लाखांचं आहे. त्यातल्या दर हजारातून चारांहूनही कमी जणांना या कामासाठी मोकळं करायचं आहे. मात्र पूर्ण वर्ष. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान साजरं करायचं आणि उरलेले महिने हे शिक्षण बंदोबस्तातून वेळ मिळाला तरच करायचं, असं चालणार नाही. वर्षाला १५,००० जीव घेणारी साथ असती, तर तालुक्याला दोन आरोग्य कर्मचारी नेमताना कुणी दुसऱ्यांदा विचारही केला नसता. हीच मागणी पालकांनी, मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्या पोलीस अधीक्षकांकडे आणि पोलीस आयुक्तांकडे लेखी करावी: आमच्या तालुक्याला दोन पोलीस द्या, आणि आमच्या शाळेची तारीख जूनमध्येच ठरवा.