कर्करोगग्रस्त माता-पिता आणि वैद्याचे संवादकौशल्य : परीक्षा कशी करावी?



काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणारी एक रुग्णा अग्निमांद्य व हृल्लास यांच्या उपचारार्थ माझ्याकडे येत असे. तीन महिन्यांत मी तिच्या नाडी, जिव्हा, मल, मूत्र व निद्रेची चौकशी अनेकदा केली. घरी मुले आहेत का, हे मात्र एकदाही विचारले नाही. एके दिवशी जवळच्या औषधालयाचे मालक म्हणाले, "वैद्यराज, त्या बाईंचा दहा वर्षांचा मुलगा औषध न्यायला येतो. काल विचारत होता, मी आईला त्रास देतो म्हणून तिला हे झाले का?" माझ्या रुग्णपरीक्षणातील उणीव त्या बालकाच्या प्रश्नाने उघडी पडली.

'मला रुग्णाशी बोलता येते' असे आपणांपैकी प्रत्येकास वाटते. परंतु आत्मविश्वास आणि कौशल्य या भिन्न गोष्टी होत. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय क्षमतेच्या परीक्षणाच्या चार पायऱ्या मांडल्या : विषय माहीत असणे, तो कसा वापरावा हे माहीत असणे, करून दाखविणे आणि नित्य व्यवहारात करणे. लेखी प्रश्नावलीने पहिल्या दोन पायऱ्याच तपासता येतात. तिसरीसाठी परीक्षकासमोर संवाद घडावा लागतो. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षापद्धतीत विद्यार्थी एकेका स्थानकावर ठराविक वेळात काम करून दाखवितो व परीक्षक पूर्वनिश्चित सूचीनुसार गुण देतो. चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शास्त्रज्ञानाबरोबरच दृष्टकर्मता व दक्षता सांगितल्या, त्यांचा आशयही याहून दूर नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. रुग्णाचे आयुष्य अल्प उरले आहे हे ठाऊक असूनही, जेथे ते सांगितल्याने रुग्णास वा अन्य कोणास अपाय होईल तेथे सांगू नये, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ८) आहे. मग मुलांना कशाला सांगावे? परंतु हा उपदेश सरसकट मौनाचा नाही. त्यास अपायाची अट आहे. घरातील कुजबूज मुलाला ऐकू येते, आईचे गळलेले केस त्याला दिसतात. कोणी काही सांगत नाही म्हणून ते स्वतःलाच दोषी ठरविते. अशा ठिकाणी मौनानेच अपाय होतो.

शाखेच्या मासिक सभेत एकाने रुग्णाची व एकाने वैद्याची भूमिका घ्यावी. तिसऱ्याने दहा मिनिटे निरीक्षण करून पुढील प्रत्येक मुद्द्यास ०, १ किंवा २ गुण द्यावेत :

१. घरी मुले आहेत का, त्यांची वये काय, हे वैद्याने स्वतःहून विचारले का?
२. मुलांना आजवर काय सांगितले आहे, हे उपदेशापूर्वी जाणून घेतले का?
३. मुलांना काय व केव्हा सांगावे, हा निर्णय माता-पित्यांकडेच ठेवला का?
४. मुलाच्या वयास अनुरूप, साधी वाक्ये सुचविली का? लहान मुलास तीन गोष्टी कळाव्यात : हा रोग तुझ्यामुळे झाला नाही, स्पर्शाने तो तुला होणार नाही, तुझी काळजी घेणारे कोणीतरी नेहमी असेल.
५. रुग्ण रडू लागला असता वैद्य थांबला, की घाईने औषधाकडे वळला?
६. 'नक्की बरे व्हाल' असे खोटे आश्वासन टाळले का?
७. गरज भासल्यास समुपदेशक व कर्करोगतज्ज्ञ यांच्याकडे पाठविले का?

बेरजेपेक्षा कोणत्या मुद्द्यास शून्य मिळाले, हे पाहणे अधिक हिताचे. तीन महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. चौथ्या पायरीची कसोटी मात्र आपल्या रुग्णपत्रकातच आहे : मुलांची नोंद किती पत्रकांत सापडते?

औषधालयचालकांनीही ही सूची स्वतःस लावून पाहावी. औषध न्यायला आलेल्या मुलापुढे रोगाची चर्चा करू नये. त्याने प्रश्न विचारल्यास त्याला न झिडकारता पालकांना व वैद्याला कळवावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहेच. परंतु गल्ल्यावर बोलून दिलेले आश्वासनही मूल घरी घेऊन जाते व त्यावर विश्वास ठेवते.

त्या रुग्णेला मी पुढच्या भेटीत मुलाचा प्रश्न सांगितला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आज रात्रीच त्याला जवळ घेऊन सांगते." त्या दिवसापासून माझ्या रुग्णपत्रकात कुटुंबाचा एक रकाना वाढला आहे.