फोनवरचा सल्ला आणि बांधावरची शेतीशाळा

मूर्तिजापूर भागातील कपाशी उत्पादकांना आता घरबसल्या मार्गदर्शन मिळते. २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला दिला जातो. औषधाची मात्रा विचारण्यास ही सोय उत्तम आहे. परंतु २०१७ साली विदर्भात मोठे नुकसान करणारी गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. बोंड वरून निरोगी दिसते, त्यामुळे फोटो पाठवून निदान होत नाही. ही ओळख शेतीशाळेत प्रत्यक्षच शिकावी. एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी दोन किडलेली आढळल्यास शिफारशीप्रमाणे फवारणी करावी. ही मोजणी हाती असली, की फोनवरचा सल्लाही अचूक मिळतो.