ध्वनिवर्धकाच्या पेटीतील लहान बिऱ्हाडे

हौसेने घरी ध्वनिवर्धक जुळविणारे विद्यार्थी आपल्या शाळेशाळेतून आढळतात. मुख्य जोडणी साधते, आवाजही उत्तम लागतो. आणि मग पेटीत एकेक पाहुणा येऊ लागतो. ब्लूटूथची पट्टी, छोटा पंखा, स्पीकरचे रक्षण करणारा रिले. ह्या मंडळींना ५ किंवा १२ व्होल्ट पुरतात. मुख्य मंडलातील दाब मात्र त्याच्या कितीतरी पट असतो. तो उतरवावयाचा कसा?

समजा, आपला ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्टचा आहे. प्रत्यावर्ती दाबाचे शिखर ह्या आकड्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३४ व्होल्ट असते. डायोडचा एक व्होल्ट वजा जाता कपॅसिटरवर धन ३३ व ऋण ३३ व्होल्ट मिळतात. येथूनच ७८०५ ह्या तीन पायांच्या रेग्युलेटरने ५ व्होल्ट काढावे, असे प्रथम कोणासही वाटेल. पण हिशेब करून पाहा. ब्लूटूथच्या पट्टीस ०.१ अँपिअर प्रवाह लागला तर उरलेले २८ व्होल्ट रेग्युलेटरने सोसावयाचे, म्हणजे २.८ वॅट उष्णता. कामी आला अवघा अर्धा वॅट! उष्णता घालविणारा पत्रा नसेल तर असा रेग्युलेटर आतून दर वॅटला सुमारे ६० अंश सेल्सिअसने तापतो. येथे ती वाढ १६८ अंश होते. १५० अंशांच्या सुमारास तो आपण होऊन काम थांबवितो, निवला की पुन्हा सुरू होतो, आणि गाणे तुटत राहते. शिवाय त्याला सोसणारा दाब ३५ व्होल्टपर्यंतच. घरची २३० व्होल्टची वीज दहा टक्के चढली की आपले ३३ व्होल्ट ३६ च्या वर जातात.

प्रवाह अल्प असेल तेथे झेनर डायोड पुरेसा आहे. स्वरनियंत्रणासाठी टीएल ०७२ वापरल्यास त्यास सुमारे ५ मिलिअँपिअर लागतात. १२०० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रोध आणि १५ व्होल्टचा झेनर, अशी एक जोडी धन बाजूस व एक ऋण बाजूस लावली की काम झाले.

ब्लूटूथची अडचण उष्णतेपुरतीच नाही. मुख्य पुरवठ्यावर जोडलेल्या पट्टीचा प्रवाह परतताना दोन वाटांनी जातो : पुरवठ्याच्या शून्य तारेने, आणि आवाज वाहणाऱ्या तारेच्या जाळीनेही. जाळीतून १० मिलिअँपिअरचे चढउतार गेले व तिचा रोध ०.१ ओहम असला, तर १ मिलिव्होल्टचा उपद्रव उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक त्यास तीस पट करतो, आणि गाणे थांबताच किरकिर ऐकू येते. पुष्कळजण ह्यासाठी कपॅसिटरमागून कपॅसिटर लावीत बसतात. पण मूळ दोष वाटेचा असल्यामुळे त्याने गुण येत नाही.

माझ्या मते दोन स्वतंत्र ९ व्होल्टच्या गुंडाळ्या असलेला लहानसा निराळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. पुलाच्या जोडणीनंतर प्रत्येकीवर सुमारे ११ व्होल्ट मिळतात. एक गुंडाळी ७८०५ मार्फत केवळ ब्लूटूथला द्यावी; आता रेग्युलेटरवर ०.६ वॅटच पडतो, आणि प्रवाहाला परतण्यास स्वतःच्या गुंडाळीवाचून दुसरे घर उरत नाही. दुसरी गुंडाळी पंखा व रिले ह्यांना. रिलेच्या मंडलास ध्वनिवर्धकाची शून्य तार जोडावी लागते, म्हणून ही वेगळी चूल!

रिलेचे काम नाजूक आहे. ध्वनिवर्धकातील ट्रान्झिस्टर बिघडून ३३ व्होल्टचा एकदिश दाब ८ ओहमच्या स्पीकरवर आला तर चार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून त्याचे वेटोळे थोडक्या वेळात जळते. म्हणून रिले ओढलेला असतानाच स्पीकर जोडला जावा, सुटताच तुटावा, अशी रचना ठेवतात. रिलेचा पुरवठा गेला तरी स्पीकर सुरक्षित राहतो. ह्या पुरवठ्यावरील कपॅसिटर लहानच ठेवावा. मुख्य कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही काळ भरलेले राहतात. रिले त्यांवर जोडल्यास तो उशिरा सुटतो आणि स्पीकरमधून 'धप्' असा आवाज येतो.

२३० व्होल्टची बाजू झाकलेली व फ्यूजसह असावी, आणि तिची जोडणी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावी. नंतर स्पीकर न लावता वीज देऊन बंद करावी व कान द्यावा. रिलेची 'टक्' लगेच ऐकू आली तर स्पीकर जोडण्यास हरकत नाही.